मी तर बारीक आहे, मग शुगर काहून वाढली?

पत्र असं आहे:

"ताई नमस्कार. वय ४४, उंची पाच फूट सहा इंच, वजन ६६. नागपूरच्या इतवारीत कूलर, पंखे, मोटारींचं दुकान आहे, रिपेरिंग पण करतो. घर नंदनवनला. सीझन संपल्यावर अंगात दमच नाही असं वाटत होतं म्हणून ब्लड टेस्ट केली तर एचबीएवनसी (तीन महिन्यांची सरासरी शुगर दाखवणारा आकडा) ६.१ निघालं. डॉक्टर म्हणाले गोळी नाही देत आत्ता, लाइफस्टाइल सुधारा अन् तीन महिन्यांनी या. आता लाइफस्टाइल म्हणजे नेमकं काय करायचं ते विचारायचं राहूनच गेलं, मागे पेशंटची लाइन होती. मी तर बारीक आहे, हातपाय काड्या, उलसंक पोट तेवढं आहे. सकाळी दुकान उघडायच्या आधी तर्री पोहे, दुपारचा डब्बा कधी चारला कधी साडेचारला, रात्री घरी पोचायला साडेदहा, मग जेवण. ही थांबते माझ्यासाठी, सोबतच जेवतो. दिवसाचे पाच-सहा खर्रे (तंबाखू-सुपारीच्या पुड्या) होतात, खोटं नाही बोलत. चहा सात-आठ. जानेवारीत जिमचे वर्षाचे पैसे भरले, अकरा दिवस गेलो. तिथला पोरगा म्हणतो प्रोटीन पावडर घ्या, डब्बा २८०० चा. घेऊ का? भात बंद करू का? संत्र्याचा सीझन असला की रोज दोन ग्लास ज्यूस पितो, तो तरी चांगला ना? बाबांना शुगर होती, शेवटी पाय कापावा लागला, म्हणून रात्री झोप लागत नाही. — इतवारीचा एक दुकानदार"

भाऊ, पत्र वाचलं अन् बाबांच्या पायाच्या ओळीपाशीच थांबले. तुमची भीती खरी आहे, ती कोणी हसण्यावारी नेत असेल तर नेऊ देऊ नका. पण हेही ऐका, ६.१ म्हणजे डायबिटीस झाला असं नाही. ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ मधली पायरी ज्याला प्रीडायबिटीस म्हणतात, अन् ६.५ पासून पुढे डायबिटीस. तुम्ही मधल्या पायरीवर उभे आहात अन् इथून मागे फिरता येतं, निदान पुढचं पाऊल कितीतरी वर्षं लांबवता येतं. चेन्नईच्या डॉक्टरांनी आपल्याच लोकांवर, तुमच्यासारख्याच मधल्या पायरीवरच्या लोकांवर अभ्यास केला होता, २००६ साली छापून आला. गोळी नाही, फक्त खाणंपिणं अन् चालणं सुधारलं तर तीन वर्षांत डायबिटीस होण्याचं प्रमाण २८ टक्क्यांच्या वर कमी झालं. बाबांच्या वेळी बऱ्याच जणांना शुगर आहे हे जखम भरून येईना तेव्हाच कळायचं, तुम्हाला आधी कळलं, हा फार मोठा फरक आहे जी.

आता तुमचा मुख्य प्रश्न, बारीक माणसाला शुगर काहून. हा प्रश्न माझ्याकडे आठवड्यातून दोनदा येतो.

पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉक्टर चित्तरंजन याज्ञिक आहेत, त्यांनी अन् इंग्लंडच्या डॉक्टर युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' नावाच्या मेडिकल जर्नलमध्ये दोघांचा शेजारीशेजारी फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, सारखाच, २२.३, म्हणजे कागदावर दोघंही फिट. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के अन् याज्ञिक यांची २१.२ टक्के, दुपटीपेक्षा जास्त! आपली भारतीयांची ठेवणच अशी आहे की हातापायात स्नायू कमी अन् चरबी पोटात, लिव्हरभोवती जाऊन बसते, वरून माणूस बारीकच दिसतो. "हातपाय काड्या, उलसंक पोट" हे तुम्ही सहज लिहून गेलात ना, आजार तिथंच आहे. म्हणूनच आपल्यासाठी बीएमआयची रेष २५ वर नाही, २३ वर धरतात, अन् तुमचा साडेतेवीसच्या आसपास येतो. वजनकाटा सोडा, टेलरचा फीता घ्या. खालची बरगडी अन् कंबरेचं हाड याच्या मधोमध, श्वास सोडून, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना ९० सेंटिमीटरच्या आत पाहिजे, बायकांना ८० च्या आत. पॅंटचा नंबर सांगू नका मला, पॅंट पोटाच्या खाली घालतात सगळे, नंबर दहा वर्षं तोच राहतो अन् पोट वरून बाहेर येत राहतं.

तुमच्याच धंद्याच्या भाषेत सांगते. कूलरचा पंप पाणी टाकून राहिला, पण पॅडवर क्षार बसून पॅड चोक झालं तर हवा थंड होईल का? नाही होत. मग तुम्ही पंप जास्त वेळ चालवता, जास्त पाणी टाकता, अन् एक दिवस पंपच जळतो. इन्सुलिनचं, म्हणजे रक्तातली साखर शरीराच्या आत पोचवणाऱ्या रसाचं, असंच आहे. पोटातल्या चरबीमुळे अन् बसून राहिलेल्या स्नायूंमुळे साखर आत घेणारं पॅड चोक होतं, मग बिचारं स्वादुपिंड जास्त जास्त इन्सुलिन सोडतं, वर्षानुवर्षं सोडतं, अन् मग थकतं. तुमचा पंप अजून चालू आहे, पॅड साफ करायचं आहे.

आणि साफ करायचं तर पहिलं बोट मी तर्री पोह्यांवर ठेवणार नाही, भातावर पण नाही. मी खर्र्यावर ठेवते.

तुम्हाला वाटेल शुगरचा अन् खर्र्याचा काय संबंध. तुमचा डब्बा चारला काहून उघडतो सांगा बरं? गिऱ्हाईक असतं हे मान्य, पण साडेबाराला भूक लागली असती तर तुम्ही गिऱ्हाइकासमोर पण दोन घास खाल्ले असते. भूक लागतच नाही, कारण तंबाखूतलं निकोटिन भूक मारतं. अकराला एक खर्रा, साडेबाराला एक, दोनला एक, पोट गप्प. मग चारला डब्बा, म्हणून रात्री नऊपर्यंत भूक नाही, साडेदहाला घरी गेल्यावर दिवसभराची सगळी भूक एकदम निघते, ताटभर जेवण अन् तासाभरात झोप. रात्री शरीराची साखर पचवायची ताकद दिवसापेक्षा कमी असते, तेच जेवण दुपारी जेवढी शुगर चढवतं त्यापेक्षा रात्री जास्त चढवतं. म्हणजे तुमचं घड्याळच खर्रा चालवून राहिला आहे. तो तसाच ठेवून मी तुम्हाला कितीही भारी डाएट चार्ट दिला तरी तो दुकानाच्या ड्रॉवरमध्ये पडून राहील.

अन् शुगर बाजूला ठेवली तरी. माझे वडील खर्रा खायचे, नागपुरात कोणाचे नाही खात. शेवटच्या काही वर्षांत त्यांचं तोंड दोन बोटंसुद्धा उघडत नव्हतं. आई वरण-भात पातळ कालवून चमच्यानं कडेकडेनं भरवायची. संत्र्याची फोड जात नव्हती तोंडात, नागपूरच्या माणसाच्या! हे सुपारीनं होतं, गालाच्या आतली कातडी पांढरी पडून कडक होते, याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात अन् त्यातून पुढे कॅन्सर होऊ शकतो. लोक तंबाखूला नाव ठेवतात अन् सुपारीला साधी समजतात, पण नुसती सुपारीसुद्धा कॅन्सर करते हे जागतिक पातळीवर कधीचं मान्य झालेलं आहे. म्हणून खर्रा सोडून मिठी सुपारी नाही चालणार, हे आधीच सांगून ठेवते कारण दहातले आठ जण तेच करतात.

आज आरशासमोर उभे राहा अन् तीन बोटं उभी धरून तोंडात जातात का बघा. जात नसतील, किंवा तिखट खाल्लं की तोंडात आग होत असेल, किंवा पांढरा चट्टा दिसत असेल तर उद्याच मेडिकल कॉलेजजवळच्या शासकीय दंत महाविद्यालयात जाऊन दाखवा, लाजायचं काही नाही, तिथं रोज असेच पेशंट येतात. बोटं नीट जात असली तरी वर्षातून एकदा दाखवत जा.

सोडायचा कसा? एक तारीख ठरवा, पुढच्या आठ-दहा दिवसांतली, अन् पानठेल्यावाल्याला स्वतः जाऊन सांगा की माझ्या दुकानात पोरगा पाठवू नको. पहिले तीन-चार दिवस डोकं दुखेल, चिडचिड होईल, गिऱ्हाइकावर आवाज चढेल, ते तुमचा स्वभाव बिघडला म्हणून नाही, निकोटिन उतरून राहिलं म्हणून. दोन-तीन आठवड्यांत बरंच निवळतं. तलप आली की ती काही मिनिटंच असते, लवंग किंवा बडीशेप तोंडात टाका, उठून रस्त्याच्या त्या टोकापर्यंत पायदळ जाऊन या. सरकारची तंबाखू सोडण्याची फुकट हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, तिथं माणूस बोलतो तुमच्याशी. निकोटिनच्या च्युइंगम मिळतात, पण तोंडात आग होत असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. एकदा सुटून परत सुरू झाला तर परत तारीख ठरवा, बहुतेकांचा पहिल्या झटक्यात सुटत नाही.

खर्रा बंद झाला की आठवड्याभरात दुपारी एकच्या सुमारास कडकडून भूक लागेल, लिहून ठेवा. ती भूक वाया घालवू नका. दीडला डब्बा. दुकानात दोघं असाल तर आळीपाळीनं, एकटे असाल तर शटर अर्धं खाली ओढा वीस मिनिटं, गिऱ्हाईक कुठं जात नाही, कूलर काही तो तेवढ्यात दुसरीकडून घेत नाही. जेवण झालं की लगेच गादीवर टेकायचं नाही, दहा मिनिटं पायदळ. जेवणानंतरचं दहा-पंधरा मिनिटांचं चालणं त्याच जेवणाची शुगर खाली आणतं, कारण मांड्यांचे स्नायू चालताना साखर सरळ ओढून घेतात, तेव्हा त्यांना इन्सुलिनची फार वाट पाहावी लागत नाही. सकाळी साडेपाचला उठून अंबाझरीला जाऊन धावण्यापेक्षा तुमच्यासाठी हे जास्त कामाचं आहे असं मी म्हणते, कारण साडेबाराला झोपणारा माणूस साडेपाचला उठून किती दिवस जाईल? अकरा दिवस. तुम्हीच लिहिलंय.

डब्ब्यात काय, तर नवीन काहीच नको. ओट्स नको, क्विनोआ नको. आपलं वऱ्हाडी जेवण उगाच बदनाम आहे, बदनाम केलं हॉटेलातल्या तेलानं. ज्वारीची भाकर, घट्ट वरण, अंबाडीची नाही तर मेथीची भाजी, वांग्याचं भरीत वरून सांबार म्हणजे कोथिंबीर टाकून, जवसाची चटणी, मठ्ठा, यात काय वाईट आहे मला दाखवा. फक्त वाढायचा हिशोब उलटा करा. आत्ता तुमच्या डब्ब्यात चार पोळ्या अन् त्या ओल्या करण्यापुरती भाजी असते, बरोबर ना? अर्धा डब्बा भाजीचा पाहिजे. अन् खाताना आधी भाजी अन् कच्ची काकडी-मुळा, मग वरण, शेवटी भाकर किंवा पोळी. हा क्रम पाळला तरी त्याच जेवणाची शुगर हळू चढते. भात बंद करायची गरज नाही, दुपारी एक वाटी वरणासोबत खा, रात्री सोडून द्या. आवडीचा पदार्थ कायमचा बंद केला की माणूस तीन आठवड्यांनी लग्नात जाऊन तीनपट खातो, हे मी वीस वर्षं बघून राहिले.

तर्री पोह्यांवर मी कोणाला बोलू देणार नाही, मला स्वतःला रविवारी लागतात. पण रोज सकाळी रिकाम्या पोटी प्लेटभर पोहे म्हणजे तो चपटा केलेला तांदूळच आहे अन् वर लाल तेलाचा तवंग. आठवड्यातून दोनदा खा, अन् खाताना ठेलेवाल्याला सांगा पोहे अर्धे, चना डबल, वरची तर्री नको. बाकीचे दिवस घरून दोन अंडी अन् एक पोळी, किंवा मोड आलेली मोट, किंवा दोन मुगाचे धिरडे करून घ्या. महिन्यातून एकदा सावजीला गेलात तर जा बाप्पा, पण भाकरीसोबत खा अन् रस्सा ओढू नका, मटणाच्या फोडी खा.

चहाचा हिशोब आपण सोबत करू. सात-आठ चहा, दुकानातले छोटे, एकेक चमचा साखर धरली तरी रोज ३५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे महिन्याला एक किलो साखर नुसत्या चहातून. जागतिक आरोग्य संघटना म्हणते वरून टाकलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. चहा तीनवर आणा अन् साखर दर आठवड्याला थोडी थोडी कमी करा, जीभ महिन्याभरात शिकते. उन्हाळ्यात पंचेचाळीस डिग्रीत गच्चीवर चढून कूलर बसवता तेव्हा कोल्ड्रिंक पीत असाल तर ३०० मिलीच्या बाटलीत तीस ग्रॅमच्या वर साखर असते, त्यापेक्षा मठ्ठा, जिरं-मीठ टाकून, तोच खरा उतारा आहे आपल्या उन्हावर.

अन् ज्यूस. एका ग्लासात तीन-चार संत्री जातात, रेषे फेकून दिले जातात अन् साखर तेवढी गटकन पोटात. दोन ग्लास म्हणजे सहा ते आठ संत्री, बसून सोलून खायची म्हटली तर खाल का तुम्ही? नागपूरला राहून संत्रं पिऊ नये, सोलून खावं, फोडींसकट, दिवसाला एक, फार तर दोन छोटी.

आता काड्यांसारखे हातपाय. हे चालण्यानं भरत नाहीत. चालणं आठवड्याला एकूण १५० मिनिटं पाहिजे अन् सोबत दोन दिवस तरी ताकदीचा व्यायाम पाहिजे, हे दोन्ही लागतात. त्याला जिम असलीच पाहिजे असं नाही, पैसे गेले ते गेले, त्याचं दुःख सोडा. दुकानातल्या खुर्चीवरून हात न टेकवता उठा अन् बसा, हळू, दहा वेळा. काउंटरला हात लावून तिरपे दंड दहा. टाचा उचलून पंजांवर उभं राहणं वीस वेळा. सकाळी शटर उघडल्यावर अन् संध्याकाळी गिऱ्हाईक कमी असताना, असे दोन-दोन राउंड. पंधरा दिवसांनी सोपं वाटायला लागलं की खांद्यावर काहीतरी वजन घ्या, तुमच्याकडे मोटारींची कमी आहे का! गुडघा दुखला तर थांबा, छातीत दुखलं किंवा दम नेहमीपेक्षा जास्त लागला तर व्यायाम बंद अन् डॉक्टर, ते घरी बसून ठरवायचं नाही. गाडी दुकानासमोर लावता ती थोडी अलीकडे लावा, तसंही इतवारीत शेवटचा अर्धा किलोमीटर गाडीपेक्षा पाय लवकर पोचतात.

पावडर घेऊ नका. तुमच्या वजनाला दिवसाला साधारण ५५ ग्रॅम प्रोटीन लागतं. दोन अंड्यांचे बारा, दोन वाट्या घट्ट वरणाचे बारा, चण्याची एक वाटी सात, दही किंवा दुधाचे सात, तीन भाकरींचे पंधरा, मूठभर फुटाण्यांचे सहा, झाले की एकोणसाठ. २८०० रुपयांत किती महिन्यांचे फुटाणे येतात ते तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सांगाल, इतवारीत बसता. फुटाण्यांची बरणी काउंटरवर जिथं आत्ता खर्र्याची पन्नी असते तिथं ठेवा, संध्याकाळी सहाला मूठभर खाल्ले की रात्रीची खाय-खाय कमी होते.

रात्रीचं जेवण आठला दुकानात डब्बा आणून होत असेल तर उत्तम, नाही तर साडेदहाला फक्त हलकं, भाजी-वरण, एक भाकर. झोप सात तास. टेस्ट परत तीन महिन्यांनी करा, त्याच्या आधी नको, कारण लाल पेशी तेवढे दिवस जगतात अन् हा आकडा त्यांच्यावरच मोजतात, महिन्याभरात केली तर मेहनत अर्धीच दिसेल अन् तुम्ही निराश व्हाल. दिवाळीच्या फराळाच्या आधी होईल अशी तारीख धरा. सोबत बी ट्वेल्व्ह, कोलेस्टेरॉल अन् बीपी पण बघा. बाबांना होती म्हणून डोळे अन् लघवीची तपासणी पण डॉक्टरांना विचारून घ्या.

अन् एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही. "ही थांबते माझ्यासाठी" असं लिहिलंय तुम्ही. म्हणजे वहिनी पण रोज रात्री अकराला जेवतात, बहुतेक तुमच्यापेक्षा उशिरा, उरलेली पोळी संपवत, अन् सकाळी तुमच्या आधी उठतात. तुमचं घड्याळ त्या पण जगून राहिल्या आहेत, अन् त्यांची टेस्ट कोणी केलेली नाही. आज त्यांना सांगा की माझ्यासाठी थांबू नको, आठला जेवून घे. त्या ऐकणार नाहीत पहिल्यांदा, परत सांगा. अन् तुमच्या टेस्टला जाल त्या दिवशी त्यांना पण सोबत घेऊन जा, दोघांचा फीता, दोघांचा एचबीएवनसी, अन् दोन्ही आकडे मला कळवा.